मूठ

मुक्कामी सहलीसाठी सुटे शौचालय घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिल्यांदा त्यावर बसून पाहतो. झाकण लावून, अर्थात. उंची बरी आहे का, डुगडुगत तर नाही, आपले वजन पेलेल का, एवढे तपासून होते. मग रंग. मग किंमत. खालच्या डब्याला एक मूठ असते. तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

खरे तर पाहण्यासारखी तीच आहे. वरचा भाग साधा : बसायची जागा आणि फ्लशच्या पाण्याची टाकी. खालचा डबा मैल्याचा. दोहोंच्या मध्ये सरकती झडप. कॅराव्हॅनमधल्या ‘कॅसेट’ शौचालयात हा डबा गाडीच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या छोट्या दारातून ओढून काढायचा. त्याला प्रवासी बॅगेसारखी चाके, लांब होणारी मूठ, ओतायला फिरती तोटी. ओतताना गचके बसून शिंतोडे उडू नयेत म्हणून आत हवा घेणारे एक बटणसुद्धा. ज्याने हे बटण योजले त्याच्या डोळ्यांपुढे कोण होते? गाडीचा मालक. सकाळी उठून डबा ओढत नेणारा, रिकामा करणारा, धुऊन परत बसवणारा. युरोपातल्या कॅम्पांवर त्यासाठी ठरलेली जागा असते. तिथे डबा घेऊन रांगेत उभे राहण्यात कुणाची इभ्रत जात नाही.

महाराष्ट्र राज्याने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. गाड्या आल्या, धरणांच्या काठी तंबू आले, त्यांच्यासोबत हे डबेही आले. मूठ धरणारा मालक मात्र आला नाही.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका तंबूमुक्कामी पाहिलेले. सकाळचे सात. नव्या कोऱ्या गाडीतून उतरलेल्या गृहस्थांनी तिथल्या पोऱ्याला हाक मारली. ‘अरे, जरा एवढं रिकामं करून आण.’ कुठे, ते त्यांनी सांगितले नाही. त्यानेही विचारले नाही. दहा मिनिटांत डबा परत आला आणि पोऱ्याच्या हातावर पन्नासची नोट पडली. तो पाण्याकडच्या उतारावरून वर आला, एवढे आम्हाला दिसले. गृहस्थांना तेवढेही पाहायचे नव्हते. ते चहाची चौकशी करत होते.

माणसाकडून हाताने मैला साफ करून घेण्यास बंदी घालणारा कायदा 2013 चा. झाकणबंद कॅसेट त्यात बसते की नाही, यावर वकिलांनी हवा तेवढा वाद घालावा. पोऱ्याला हाक मारताना गृहस्थांचा आवाज खाली आला होता. प्रश्नाचे उत्तर त्या आवाजात होते.

हिशेबाचेही तसेच. सुट्या शौचालयाचा मोठ्यातला डबा साधारण 20 लिटरचा. तो किती दिवस पुरेल, हे गणित कागद वापरणाऱ्यांनी मांडलेले आहे. आपण पाणी वापरतो. चार माणसांची नुसती लघवी दिवसाला पाच-सहा लिटर. त्यात प्रत्येक वेळचा फ्लश आणि मगभर पाणी धरले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी डबा काठोकाठ. म्हणून आणखी मोठा घ्यावा, तर तो भरल्यावर उचलवत नाही. 20 लिटरचा भरलेला डबाच 20 किलोच्या वर जातो. ज्याला तो स्वतः न्यायचा आहे त्याच्या हे लगेच ध्यानात येते. तो डबा रात्रीपुरता ठेवतो आणि दिवसा मुक्कामाच्या पक्क्या संडासात जातो. ज्याला हाक मारायची आहे त्याला 20 काय आणि 40 काय.

डब्यात घालायच्या निळ्या औषधाचेही ध्यानात ठेवावे लागते. फॉर्मल्डिहाइड असलेले औषध वासाला मारते, तसे जिवाणूंनाही मारते. सेप्टिक टँक चालतो तो याच जिवाणूंवर. तेव्हा असा डबा यजमानाच्या टँकमध्ये वारंवार ओतला, तर टँकचे काम बिघडते. सेप्टिक टँकला चालणारी औषधे बाजारात मिळतात. पण बाटलीवर लिहिलेले वाचायचे कुणी? बाटली मालकाच्या कपाटात आणि डबा पोऱ्याच्या हातात.

याच महाराष्ट्रात एका माणसाने ही मूठ मागून घेतली होती. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात कैदेत असलेले गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांनी मैलासफाईचे काम मागितले. जात आडवी आली. ते काम त्यांना मिळेना. अप्पासाहेब हटून बसले. त्यांना साथ म्हणून गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण धरले. पुढे कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेबांनी संडासांचेच प्रयोग केले. ते दुसऱ्यांचा मैला उचलायला मागत होते. इथे प्रश्न स्वतःच्या मैल्याचा आहे, आणि तोही चाके लावलेल्या डब्यातला.

तेव्हा घ्यायला जाल त्या दिवशी बसून पाहू नका. बसायला सगळीच बरी असतात. दुकानदाराला सांगून खालच्या डब्यात 20 लिटर पाणी भरून घ्या. मूठ धरा, डबा दुकानाबाहेर गटारापर्यंत न्या, तोटी फिरवा, बटण दाबून ओता. मग आत पाणी घालून खळबळून पुन्हा ओता. हे सगळे घरच्यांच्या देखत करा. जमले, आणि खऱ्या मुक्कामातही रोज करायची तयारी असली, तर खुशाल घ्या. नसली, तर निघण्याआधी मुक्कामाच्या जागी फोन करून पक्का संडास आहे का, तेवढे विचारा. असेल तर डब्याचे पैसे वाचले. नसेल तर दुसरी जागा पाहा.