प्रवेश मिळाला, संशोधन शिकवणार कोण?

आमची मुले-मुली आता पीएच.डी.पर्यंत पोहोचली आहेत. वस्तीतून, कामगारांच्या चाळीतून निघून ती पुणे, मुंबई, हैदराबाद, दिल्लीच्या विद्यापीठांत नोंदणी करीत आहेत. त्याचा आम्हाला अभिमान आहे. परंतु नोंदणी झालेल्यांपैकी किती जणांचा प्रबंध पुरा होतो, हे चळवळीने विचारायची वेळ आली आहे. राखीव जागेने दार उघडले. आत गेल्यावर कसे वावरायचे, हे मात्र कुणी सांगत नाही.

संशोधनाचे बरेचसे कसब पुस्तकात नसते. आराखडा कसा लिहावा, परिषदेत दहा मिनिटांत म्हणणे कसे मांडावे, नियतकालिकाने परत पाठवलेला लेख दुरुस्त कसा करावा, मार्गदर्शकाशी मतभेद कसा बोलून दाखवावा? प्राध्यापकाच्या घरातल्या मुलाला हे जेवता जेवता ऐकायला मिळते. हमालाच्या मुलीला ते कोण सांगणार? ती गप्प बसते आणि त्या गप्प बसण्याला 'गुणवत्ता नाही' असे नाव दिले जाते. वारशाने मिळालेल्या सरावाला गुणवत्ता म्हणायचे, ही प्रस्थापितांची जुनीच चलाखी आहे.

बाबासाहेबांकडे पाहा. ९ मे १९१६ रोजी कोलंबियात प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी जातीवरचा निबंध वाचला, म्हणजे विद्यार्थ्याला आपले म्हणणे मांडायला तिथे व्यासपीठ होते. पुढे लंडनमध्ये रुपयावरचा प्रबंध पहिल्या खेपेला स्वीकारला गेला नाही. तो सुधारून पुन्हा सादर केला आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळवली. ग्रंथ छापला तेव्हा प्रा. एडविन कॅनन यांनी आपले मतभेद नोंदवूनही प्रस्तावना लिहिली. प्रबंध परत येणे म्हणजे नालायकी नव्हे आणि शिष्याचे मत पटले नाही म्हणून त्याची वाट अडवणे म्हणजे मार्गदर्शन नव्हे, हे दोन्ही धडे त्यात आहेत.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. विनियमांत किमान १२ श्रेयांकांचे वर्ग आहेत, संशोधकाला अध्यापनाचे व लेखनाचे प्रशिक्षण आहे, दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडणे आहे. म्हणजे हे कसब शिकवणे ही विद्यापीठाची मेहेरबानी नसून कर्तव्य आहे. २०१२ च्या विनियमांनी समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितले होते. तरीही २०१६ मध्ये हैदराबादेत रोहित वेमुला आणि २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी आपण गमावले. त्यांच्या मातांना, राधिका वेमुला व आबेदा तडवी यांना, २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. नियम कागदावर राहिल्याचा याहून मोठा पुरावा कोणता?

वकील म्हणून आमचा अनुभव असा की, संशोधक आमच्याकडे येतात तेव्हा सारे बिघडलेले असते आणि हाती एक कागद नसतो. म्हणून आम्ही सांगतो: मार्गदर्शकाशी भेट झाली की काय ठरले ते त्याच दिवशी ईमेलने कळवा. समितीच्या इतिवृत्ताची प्रत मागा. शिष्यवृत्तीचे कागद देताना पोच घ्या. तोंडी अपमान न्यायालयात सिद्ध करणे कठीण असते. तारखेनिशी लिहिलेले पत्र बोलते. हेही संशोधकाचे व्यावसायिक कौशल्यच आहे.

मात्र सारा भार विद्यार्थ्यावर टाकून व्यवस्था सुटू शकत नाही. शिकायचे मार्गदर्शकांनीही आहे. घरातली पहिलीच शिकणारी पिढी समोर बसली असताना इंग्रजीची चूक आणि विचाराची चूक वेगळी कशी ओळखावी, याचे प्रशिक्षण त्यांना सक्तीचे करा, अशी मागणी विद्यार्थी संघटनांनी लावून धरली पाहिजे.

आणि आपण? पीएच.डी. होऊन प्राध्यापक झालेल्या बांधवांनी महिन्यातला एक रविवार विहारात द्यावा. चार संशोधकांची पाने वाचावीत, त्यांच्याकडून मौखिक परीक्षेची तयारी करून घ्यावी. जयंतीच्या वर्गणीतून डीजेची भिंत उभी राहते. तिच्यातली एक पेटी कमी केली तरी वस्तीतल्या संशोधकाचा परिषदेचा प्रवासखर्च निघेल. वर्गणीचा हिशेब मांडाल तेव्हा हा खर्च त्यात असू द्या.