ध्वजदिनाचे देणे

आज ७ डिसेंबर, सशस्त्र सेना ध्वजदिन. १९४९ सालापासून हा दिवस देशभर पाळला जातो. चिमुकला ध्वज छातीवर लावावा, निधीच्या पेटीत चार नाणी टाकावीत आणि पुढे वर्षभर निश्चिंत असावे, असा या दिवसाचा सोयीस्कर अर्थ आपणांपैकी अनेकांनी करून घेतला आहे. तो अर्थ अपुरा आहे, हे सांगण्यासाठीच आजचे हे स्फुट.

युद्धात जायबंदी झालेल्यांचे पुनर्वसन, सेवेतील जवान व त्यांचे कुटुंबीय यांचे कल्याण आणि निवृत्त सैनिकांना नागरी जीवनात स्थिर करणे, ही ध्वजनिधीची तीन उद्दिष्टे होत. त्यांत दयेचा लवलेश नाही. आहे ते ऋण, आणि ऋणको आपण आहोत.

पुणेकरांना या ऋणाचे दर्शन घेण्यासाठी दूर जावयास नको. जायबंदी जवानांना उद्योगधंदा शिकविण्यासाठी १९१७ साली स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट खडकीस आहे. कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून याच शहरात आहे. मज्जारज्जूस इजा होऊन कायमचे अपंगत्व आलेल्या सैनिकांसाठी १९७४ साली पुनर्वसन केंद्र उभे राहिले, तेही खडकीतच. या संस्थांच्या दारावरून रोज हजारो नागरिक जात-येत असतात. आत डोकावणारे किती, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःस विचारावा.

कृतज्ञतेस विलंब झाला म्हणजे तिचे मोल कसे घटते, याचे उदाहरणही आपल्याच महाराष्ट्रात आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झालेल्या मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक स्पर्धेत पोहण्याचे सुवर्णपदक मिळवून देशाचे नाव उज्ज्वल केले. त्यांस 'पद्मश्री' मिळाली ती २०१८ साली! मधल्या ४६ वर्षांचा हिशेब कोणी द्यावयाचा?

सैनिकाइतकाच त्याग त्याच्या घराचा असतो, हे आपण सहसा विसरतो. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ पुत्र गमावले. 'मिलिटरी' हा शब्द त्या गावाच्या नावास कायमचा जोडला गेला. पण त्या ४६ घरांतील चुली ज्यांनी पुढे पेटत्या ठेवल्या, त्या माता-भगिनींची नावे कोणत्या शिळेवर आहेत? आजही सीमेवरील जवानाची पत्नी शेती, सासू-सासऱ्यांचे आजारपण आणि मुलांचे शिक्षण एकटीने निभावते. तिच्यावर वैधव्याचा घाला पडला, तर एका दाखल्यासाठी तिने कचेरीच्या पायऱ्या किती वेळा झिजवाव्या?

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रदीर्घ मागणीनंतर 'समान पद, समान निवृत्तिवेतन' हे तत्त्व २०१५ साली अमलात आले. परंतु निवृत्तिवेतन हा सैनिकाचा हक्क आहे. हक्काची रक्कम चुकती करणे म्हणजे कृतज्ञता नव्हे. शिवाय सामान्य जवान पस्तिशी-चाळिशीतच गणवेश उतरवितो. संसाराच्या ऐन भरात त्याला नवा व्यवसाय शोधावा लागतो. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेने तर या प्रश्नास नवे रूप दिले आहे. तीतील २५ टक्क्यांपर्यंत तरुणांनाच पुढे सैन्यात कायम करण्याची तरतूद आहे. उरलेले चार वर्षांच्या सेवेनंतर, निवृत्तिवेतनाविना, ऐन पंचविशीच्या आसपास गावी परततील. त्यांच्या हातांना काम देणार कोण?

याचे उत्तर केवळ दिल्लीत किंवा मुंबईत शोधून चालणार नाही. कारखानदाराने निवृत्त जवानास दरवाजावरील पहारेकरी म्हणूनच न नेमता त्याची शिस्त आणि यंत्रज्ञान यांचा योग्य उपयोग करून घ्यावा. कचेरीतील कारकुनाने वीरपत्नीस आधी खुर्ची द्यावी, मग कागद मागावा. शेजाऱ्याने तिच्या मुलांची विचारपूस करावी. आणि ज्यांना दुसरे काही शक्य नाही, त्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सढळ हाताने निधी पोहोचवावा.

रणांगणावर पडलेल्यांचे ऋण फिटणारे नाही. परंतु जे परत आले आणि ज्यांची माणसे परत आली नाहीत, त्यांचे देणे अद्याप आपल्या हातून फिटू शकते. ते फेडण्यास आजचाच मुहूर्त पुणेकर साधतील, अशी आमची अपेक्षा आहे.