डास मोजायचे की माणसं?

डास म्हटलं की आपल्याला पावसाळाच आठवतो. इथे टेक्सासात हे गणित जरा उलटं आहे. डॅलसला सडकून पाऊस झाला की रस्त्याखालची गटारं धुऊन निघतात, अळ्या वाहून जातात. धोका त्यानंतरच्या रखरखीत उन्हाळ्यात. गटाराच्या तळाशी घाण पाणी तुंबतं आणि क्युलेक्स डासांना नेमकं तेच लागतं. पाणी आटल्यामुळे पक्षी आणि डास उरल्यासुरल्या पाण्यापाशी गोळा होतात, आणि वेस्ट नाईलचा विषाणू त्यांच्यात फिरत राहतो. तापमान चढलं की तो डासाच्या अंगात लवकर वाढतो. माणूस यात उगाच मध्ये सापडतो!

२०१२ मध्ये डॅलस काउंटीत ३९८ जण आजारी पडले, १९ दगावले. त्या वर्षी हिवाळा सौम्य होता, म्हणावी तशी कडक थंडी पडलीच नाही. डास पकडायचे सापळे शहरात लावलेले होते. सापळ्यात किती डास आले आणि त्यांतल्या किती जणांत विषाणू आहे, या दोन्हींचा गुणाकार केला की धोक्याचा एक आकडा मिळतो. तो रुग्ण वाढण्याच्या आधीच चढलेला होता. विमानातून फवारणी सुरू झाली ऑगस्टच्या मध्यावर. फवारणी वाया गेली असं मी म्हणत नाही, पण मीटरचा काटा लाल रेघेवर गेल्यावरही मशीन चालूच ठेवलं तर आम्ही इंजिनीयर लोक त्याला निष्काळजीपणा म्हणतो.

आपल्याकडचा डेंग्यूचा डास वेगळा. तो एडिस, दिवसा चावणारा, पिंपातल्या नाहीतर कुंडीखालच्या बशीतल्या स्वच्छ पाण्यात वाढणारा. अंड्यापासून डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. पण आपली धुराची गाडी गल्लीत येते ती रुग्ण सापडल्यावर. धुराने उडते डास मरतात, पिंपातल्या अळ्यांना काही होत नाही. पोरं मात्र गाडीमागे धावतात, आणि महापालिकेने काहीतरी केलं असं सगळ्यांना वाटतं.

डेंग्यूच्या रुग्णांचे आकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात पेपरात येतात. जून-जुलैत किती घरांत अळ्या सापडल्या, हा आकडा वॉर्डवार दर आठवड्याला छापायला काय हरकत आहे? घरोघर जाऊन पिंपं तपासणारे कर्मचारी आहेतच. तुमच्या वॉर्ड ऑफिसात एकदा विचारून बघा.