चंद्रावरील खोती

चंद्राचा भावी इतिहास सध्या मोठ्या हौसेने लिहिला जात आहे. या इतिहासात प्रथम दक्षिण ध्रुवाजवळ एक तळ उभा राहतो, मग घुमटांखाली शेते पिकू लागतात, पुढे काही शतकांनी त्या निर्जीव गोलावर हवा चढते, ओढे वाहू लागतात आणि मनुष्यजात जमिनीच्या टंचाईतून कायमची मुक्त होते. या कथेत द्रष्टे उद्योगपती आहेत, धाडसी प्रवासी आहेत, क्वचित एखादा पश्चात्तापदग्ध शास्त्रज्ञही आहे. माती वाहणारा मात्र कोठे नाही. हे घुमट कोणी बांधले, ते फुटले तर कोणी लिंपले आणि त्यांच्या आत पिकलेल्या दाण्यातून किती वाटा कोणाच्या कणगीत गेला, याविषयी हे भविष्यकार मौन पाळतात.

पेण आणि रोहे तालुक्यांतील शेतकऱ्याला ही कथा सांगितली तर तो पहिला प्रश्न विचारील तो बांधाचा. कारण राहण्यास अयोग्य भूमी राहण्यायोग्य करण्याचा उद्योग त्याच्या पूर्वजांनी कोणत्याही अग्निबाणाशिवाय केलेला आहे. खारेपाटातील भातजमीन ही निसर्गाने दिलेली जमीन नव्हे. दिवसातून दोनदा भरतीचे पाणी जेथे शिरत असे, तेथे आगरी समाजातील व इतर कष्टकऱ्यांनी डोक्यावरून चिखल वाहून बांध घातले, पावसाचे पाणी बाहेर जावे पण समुद्राचे आत येऊ नये म्हणून उघाड्या बसविल्या, पावसाळ्यामागून पावसाळे जमिनीतले मीठ धुऊन काढले आणि मग खारट मातीत तगणारे राता जातीचे भात तेथे पेरले. उधाणाने बांधाला खांड पडली की शेत पुन्हा खारे होते आणि पुढची काही वर्षे हातची जातात. म्हणजे ही भूमी एकदा निर्माण करून भागत नाही. ती दरवर्षी नव्याने निर्माण करावी लागते. गावोगावच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन बांध राखण्याची जी जोळ पद्धत येथे होती, तिच्यामागे हेच कारण होते.

रिकार्डोने 1817 साली खंडाची व्याख्या करताना जमिनीच्या मूळच्या आणि अविनाशी गुणांचा आधार घेतला. खारेपाटात मूळचे असे काही नाही आणि अविनाशी तर काहीच नाही. जे आहे ते श्रमाचे आहे. तरीही खंड घेतला गेला, आणि तो निर्दयपणे घेतला गेला. शिलोत्री पद्धतीत बांध राखण्याच्या नावाखाली कुळाकडून भाताचा वेगळा आकार वसूल होत असे. खोताची गोष्ट तर याहून बोधप्रद आहे. खोत हा मुळात सरकारचा सारा गोळा करणारा मध्यस्थ. जमिनीचा मालक नव्हे. परंतु पीक उचलण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या हाती कालांतराने जमीन, कुळ आणि कुळाचे घरदार सारेच गेले. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 साली शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो 1939 पर्यंत चालला. डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक 1937 साली मुंबई विधिमंडळात आणले. प्रत्यक्ष कायदा व्हायला 1949 साल उजाडले.

चंद्राच्या कायद्याकडे या इतिहासाच्या प्रकाशात पाहावे. 1967 च्या आंतरराष्ट्रीय कराराने कोणत्याही राष्ट्राला चंद्रावर स्वामित्व सांगण्यास मनाई केली. 1979 च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्यापुढे जाऊन चंद्र व त्यावरील संपत्ती हा साऱ्या मानवजातीचा समाईक वारसा ठरविला. (महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदाही त्याच 1979 सालचा, हा योगायोग नोंदविण्यासारखा आहे.) भारताने त्या करारावर 1982 च्या जानेवारीत सही केली, पण त्याला अनुसमर्थन मात्र कधीच दिले नाही. अमेरिकेने 2015 साली कायदा करून आपल्या नागरिकांना अवकाशातून काढलेल्या संपत्तीची मालकी बहाल केली. 2020 च्या आर्टेमिस करारनाम्याने असे सांगितले की, चंद्रावरून संपत्ती काढणे म्हणजे चंद्रावर स्वामित्व सांगणे असे मुळातच होत नाही. भारत सरकारने एप्रिल 2023 मध्ये जाहीर केलेल्या अंतराळ धोरणात खासगी संस्थांना अशी संपत्ती काढण्याचा, बाळगण्याचा व विकण्याचा हक्क मान्य केला आणि 21 जून 2023 रोजी आर्टेमिस करारनाम्यावर सही केली. अशा सहीला संसदेच्या संमतीची अट राज्यघटनेत नाही. त्यामुळे ज्या प्रश्नावर देशाने चाळीस वर्षांपूर्वी एक भूमिका घेतली होती, तो प्रश्न लोकप्रतिनिधींच्या मतास न टाकताच उलट दिशेने सुटला.

जमीन कोणाचीच नाही, पीक मात्र जो उचलील त्याचे! ही खोतीच आहे. फरक एवढाच की कोकणच्या खोताला निदान कोणाचा तरी सारा भरावा लागत होता. चंद्रावरच्या खोताला तोही भरावा लागणार नाही.

चंद्र अफाट आहे, तेथे टंचाई कशाची, असे यावर विचारले जाईल. परंतु उपयोगाची जागा तेथे फार थोडी आहे. चंद्रयान-1 वरील उपकरणाच्या साहाय्याने चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याचा पुरावा मिळाल्याचे 2009 साली जाहीर झाले. बर्फ आहे तो मुख्यतः ध्रुवाजवळच्या, सूर्यकिरण कधीच न पोचणाऱ्या विवरांत. आणि त्यांच्या शेजारची काही मोजकी शिखरे अशी की ज्यांच्यावर बराच काळ ऊन असते. पाणी आणि ऊर्जा जेथे हातात हात घालून आहेत, त्या या मूठभर जागांवर जो आधी पोचेल तो आर्टेमिसच्या भाषेतले 'सुरक्षा क्षेत्र' आखील, आणि इतरांनी त्यात लुडबूड करू नये अशी अपेक्षा धरील. भेदमूलक खंडाचे याहून स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही.

पेण तालुक्यातीलच गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी भूदानाच्या वेळी हवा, पाणी आणि सूर्यप्रकाश यांच्याप्रमाणेच जमीनही सर्वांची असल्याचा युक्तिवाद केला. भूदानाच्या मार्गाविषयी समाजवाद्यांचे मतभेद होते आणि आहेत. पण त्या युक्तिवादाचा पाया निर्विवाद होता, कारण हवेवर कोणाची मालकी असू शकेल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. चंद्रावर हवा ही कारखान्यात तयार होणारी वस्तू असेल. चरीच्या शेतकऱ्यांनी जमिनी ओसाड टाकल्या आणि जंगलातला लाकूडफाटा विकून सहा वर्षे तग धरला. संप करणाऱ्या माणसाला श्वास घेण्याची तरी मुभा होती. घुमटाखालच्या कामगाराने हत्यार खाली ठेवले तर मालकाला पोलिसही बोलवावे लागणार नाहीत.

अमेरिकन कादंबरीकार हाइनलाइन हा समाजवादी नव्हता, किंबहुना समाजवादाचा विरोधकच होता. तरी 'द मून इज अ हार्श मिस्ट्रेस' या 1966 च्या कादंबरीत त्यालाही हे टाळता आले नाही. तिच्यातील चंद्रवासी बोगद्यांत गहू पिकवून पृथ्वीला पाठवितात, आणि त्यांच्या बंडाच्या मुळाशी आहे ते पाणी: दाण्याच्या रूपाने चंद्राचे पाणी बाहेर जाते आणि परत काही येत नाही. पेणच्या वाचकाला यात कल्पित काय आहे असा प्रश्न पडेल. हेटवण्याचे धरण पेणच्या शेतीसाठी म्हणून बांधले गेले. पाणी नव्या मुंबईला पोचले, आणि वाशी-शिर्कीचा खारेपाट उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत राहिला. रोह्याची कुंडलिका तर आणखी मोठ्या उलथापालथीची साक्षीदार. मुंबईला वीज मिळावी म्हणून मुळशीचे पाणी घाट फोडून पश्चिमेला वळविण्यात आले. सेनापती बापटांचा सत्याग्रह 1921 साली सुरू झाला आणि मोडून काढण्यात आला. भिऱ्याहून ते पाणी आजही कुंडलिकेत उतरते आणि रोह्यावरून खाडीकडे जाते, वाटेत धाटावच्या रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी पोटात घेऊन. नद्यांची तोंडे फिरविण्याचे तंत्र माणसाला शंभर वर्षांपूर्वीच साधले. मावळातील बुडालेल्या गावांना न्याय देण्याचे तंत्र अद्याप शोधले जायचे आहे.

आणि परग्रह पाहायला एवढे दूर जायचे कारणच काय? 2005 च्या कायद्याने विशेष आर्थिक क्षेत्र हा सीमाशुल्कापुरता भारताबाहेरचा प्रदेश ठरतो. असा एक प्रदेश उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील गावांवर उतरविण्याचा घाट रिलायन्सच्या महामुंबई प्रकल्पाने घातला होता. तेव्हाही भाषा हीच होती: नापीक जमिनी, ओसाड खार, येणार तेवढा विकासच. प्रा. एन. डी. पाटील आणि त्यांचे सहकारी यांच्या पाठीशी शेतकरी उभे राहिले, आणि 21 सप्टेंबर 2008 रोजी हेटवणे लाभक्षेत्रातील 22 गावांत सरकारला जनमत अजमावणे भाग पडले. पुढच्या वर्षी भूसंपादन बारगळले. त्या मतदानाचे महत्त्व पेणपुरते नाही. जमिनीचे भवितव्य ठरविताना त्या जमिनीवर राबणाऱ्याला विचारावे लागते, हे तत्त्व तेथे मतपेटीतून मांडले गेले.

विज्ञानाला येथे कोणाचा विरोध नाही. 23 ऑगस्ट 2023 रोजी चंद्रयान-3 उतरले ते सार्वजनिक क्षेत्रातील शास्त्रज्ञ व कामगारांच्या कर्तबगारीवर, आणि सुमारे 615 कोटींचा खर्च जनतेने सोसला. वाट जनतेने काढायची आणि त्या वाटेवरून खोताने चालत यायचे, एवढ्यालाच विरोध आहे. म्हणून 1979 च्या चंद्र कराराला भारताने अनुसमर्थन द्यावे, खासगी मालकीचे कलम धोरणातून काढावे आणि या दोन्ही गोष्टींची चर्चा संसदेत व्हावी, ही मागणी पक्षाच्या तालुका सभांतून झाली पाहिजे. ज्या सभेत खारभूमी खात्याकडे बांधांच्या दुरुस्तीचा ठराव जाईल, त्याच सभेत हाही ठराव मांडता येईल. पेण आणि रोह्याच्या सभासदांना त्याचा अर्थ समजावून सांगण्यात फार वेळ जाणार नाही.