साखळीपासून काट्यापर्यंत : हिशेब कोणाच्या हाती?

गणनयंत्रांचा इतिहास आपल्याकडे बुद्धिमंतांच्या कौतुककथेसारखा सांगितला जातो. हिशेब कोणाचा मांडला जात होता आणि वसुली कोणाकडून होत होती, हा प्रश्न त्या कथेत नसतो. ब्लेझ पास्कलने १६४२ साली बेरजेचे यंत्र बांधावयास घेतले ते वडिलांचे श्रम वाचावेत म्हणून; आणि वडील फ्रान्समधील रूआँ येथे करवसुलीचे अधिकारी होते. म्हणजे या यंत्राची गरजच मुळी वसुलीच्या कचेरीत निर्माण झाली.

बारामती-इंदापूरच्या कार्यकर्त्यांना ही गोष्ट दूरदेशीची वाटण्याचे कारण नाही. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० च्या सुमारास दोन साधने दिली. एक, लॉगरिथमची पट्टी, जिच्यातून पुढे स्लाइड रूल निघाला. दुसरे, जमीन मोजण्याची ६६ फुटांची साखळी. अशा दहा चौरस साखळ्यांचा बरोबर एक एकर होतो. मुंबई इलाख्याच्या मोजणीत तिच्या निम्मी, ३३ फुटांची साखळी आली. तिचा एक चौरस म्हणजेच आपला गुंठा.

या साखळीमागोमाग इंदापुरात काय आले? प्रिंगल या अधिकाऱ्याने पिकाच्या किमतीतून लागवडीचा खर्च वजा करून निव्वळ उत्पन्न काढले आणि त्याच्या ५५ टक्के सारा ठरविला. १८३० च्या सुमारास अमलात आलेला हा हिशेब कागदावर अत्यंत शास्त्रशुद्ध होता. प्रत्यक्षात साऱ्याची बाकी तुंबली, जमिनी ओस पडल्या, कुळे गाव सोडून गेली. शेतकऱ्यांनी नांगर खाली ठेवले तेव्हा कुठे सरकारला गणित चुकल्याचे उमगले. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातूनच नवी, सौम्य आकारणी सुरू केली व ती तीस वर्षांसाठी कायम केली.

ती मुदत संपताच १८६७ मध्ये फेरआकारणी झाली आणि तालुक्याचा सारा निम्म्याहून अधिक वाढला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसासह शेतमालाचे भाव चढले होते; त्या तात्पुरत्या तेजीचा आकडा तीस वर्षांच्या साऱ्यात बसविण्यात आला. भाव कोसळले, सारा कोसळला नाही. तो भरण्यासाठी शेतकरी सावकाराच्या दारी गेला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यात, शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि हिशेबाचे कागद जाळले. स्वतःला वाचता न येणाऱ्या आणि तपासता न येणाऱ्या हिशेबाला निरक्षर माणसाने दिलेले ते उत्तर होते. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने ऋणकोला पावती आणि वार्षिक हिशेब मागण्याचा हक्क दिला. तो हक्क त्या आगीतून आला, हे विसरता कामा नये.

आज साखळीची जागा इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याने आणि प्रयोगशाळेतील साखर उताऱ्याने घेतली आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये एफआरपी ठरली. उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्का वाढीस टनामागे ३४ रुपये ६० पैसे अधिक. पन्नास टन ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याच्या बाबतीत उताऱ्यातील ०.१ टक्क्याचा फरक १,७३० रुपयांचा होतो. काट्यावरचा एक टक्का १,७७५ रुपयांचा. हे दोन्ही आकडे कारखान्याच्या आवारात तयार होतात आणि ऊस उत्पादकाच्या हाती केवळ पावती पडते. आरोप कोणा एका कारखान्यावर नाही. आक्षेप व्यवस्थेवर आहे. देणे ज्याच्याकडे लागते त्यानेच मापही धरावे, हा कुठला न्याय?

यावर ठरलेले उत्तर मिळते : यंत्र खोटे बोलत नाही. यंत्र बोलतच नाही. त्यात काय घालावे आणि त्यातून आलेले कोणाला दाखवावे, हे माणसे ठरवितात. प्रिंगलचे गणितही खोटे नव्हते. दुसऱ्या टोकाला आपल्याच चळवळीत यंत्राला शत्रू मानणारेही आहेत. १९६० च्या दशकात आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी संगणकाला विरोध केला, त्यामागची नोकरीची भीती खरी होती. तरीही संगणक आलाच. आता बारामतीत उसाच्या शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग चालू आहेत. त्यांनी पाणी वाचले आणि टनेज वाढले तर स्वागतच आहे. मात्र वाढलेल्या टनाचे माप कोण घेणार, हा प्रश्न कितीही बुद्धिमान यंत्र आले तरी सुटत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. बाहेरच्या प्रमाणित काट्यावर वजन करून आणलेला ऊस कोणत्याही कारखान्याने नाकारता कामा नये. काट्याची तपासणी आणि उताऱ्याची चाचणी उत्पादकांच्या निवडलेल्या प्रतिनिधींसमोर व्हावी. रोजचा उतारा गावोगावी फलकावर लागावा. बिलावर तोडणी-वाहतुकीची कपात आणि दराचे सूत्र साध्या मराठीत छापावे.

ही कामे केवळ निवेदनाने होणार नाहीत. कार्यकर्त्यांनी गावागावांत बसून पावत्या एकत्र कराव्यात, बेरीज-वजाबाकी लोकांसमोर करावी, शेतकऱ्यांच्या मुलामुलींना हिशेबाला बसवावे. सुप्याच्या शेतकऱ्यांना कागद वाचता आला नाही, म्हणून त्यांनी तो जाळला. आज वाचता येणाऱ्यांनी तो तपासायचा आहे.