अर्धी चौकट

गेल्या स्नेहसंमेलनाच्या दिवशी एका पालकांनी आम्हांस सरळच विचारले, "सर, घरोघरी मोबाइल असताना ही जुनी जपानी डबी मुलांच्या हाती देऊन पैसे का घालविता?" प्रश्न रास्त होता, कारण त्याच महिन्यात आमच्या हातून एक अख्खा रोल फुकट गेला होता. त्याची हकीकत पुढे येईलच.

आमच्या छायाचित्र-मंडळाजवळ आहे तो ऑलिंपस पेन ईई-३. ही जात १९७३ साली निघाली. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एरवी २४ बाय ३६ मिलिमीटरचे चित्र उमटते. हा कॅमेरा १८ बाय २४ चे, म्हणजे बरोबर निम्मे चित्र घेतो. साहजिकच ३६ चित्रांच्या रोलात ७२ चित्रे मावतात. आम्ही कोंकणी माणसे. नारळ फोडला की एक कवड आजच्या कालवणास, दुसरी उद्याच्या, हा हिशेब आम्ही आईच्या हाताखाली शिकलो. त्यामुळे या कॅमेऱ्याशी आमचे पहिल्या भेटीतच जमले असावे.

या घराण्याचा मूळपुरुष १९५९ चा. योशिहिसा माइतानी या पंचविशीतील अभियंत्याने, सामान्य माणसास परवडावा म्हणून ६,००० येनांत विकता येईल असा कॅमेरा रचण्याचे मनाशी धरले होते. अर्धी म्हणजे उणी, असे मात्र कोणी समजू नये. ही मूळची सिनेमाची चौकट. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्यास त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला तो जवळजवळ याच मापाच्या हजारो चौकटींनी. पुढे जर्मनीत ऑस्कर बार्नाक यांनी तीच फिल्म आडवी चालवून चौकट दुप्पट केली. त्यांचा लायका १९२५ साली विक्रीस आला आणि ते दुप्पट मापच जगात 'पूर्ण' म्हणून रूढ झाले!

असे कॅमेरे जमविण्याचा छंद आता पुष्कळांस जडला आहे. मुंबईचे दिलीश पारेख यांच्या ४,४२५ कॅमेऱ्यांच्या संग्रहाची नोंद गिनेसच्या पुस्तकात झाली. एवढ्या चिकाटीपुढे आम्ही नम्र आहोत. परंतु शाळेपुरते आमचे मत निराळे आहे. शाळेने काचेच्या कपाटात दहा कॅमेरे मांडण्यापेक्षा एकच विकत घ्यावा आणि तो झिजू द्यावा. न वापरलेल्या कॅमेऱ्यातील वंगण घट्ट होते, झडप अडकते. सुरतेच्या पावसाळ्यात तर बंद पेटीतील भिंगावर बुरशी चढावयास वेळ लागत नाही. विकत घेतानाही रूपावर भुलू नये. भिंगाभोवतीच्या जाळीदार काचेखाली सेलेनियमचा प्रकाशमापक असतो. त्यास बॅटरी लागत नाही, पण तो वयाने थकतो. काच तळहाताने झाकून कळ दाबावी. दृश्यखिडकीत लाल जीभ वर आली आणि कळ अडली, तर मापक जिवंत आहे असे समजावे. जीभ आलीच नाही, तर पैसे खिशातच ठेवावेत.

आता त्या फुकट गेलेल्या रोलाविषयी. मंडळात मुले ३६, चौकटी ७२, प्रत्येकास दोन. कोणी तापीच्या पाळ्यावरची पहाट आणि तेथलीच संध्याकाळ घेतली, कोणी उत्तरायणापूर्वी रस्त्यावर मांजा रंगविणाऱ्यांचे हात. दोन महिने कॅमेरा घरोघर फिरला. रोल धुवून आला तो कोरा. फिल्मचे टोक आम्हीच रिळात नीट अडकविले नव्हते. मुले चाक फिरवीत होती, आकडा पुढे सरकत होता आणि फिल्म जागची हलली नव्हती. फिल्म पुढे सरकते तेव्हा ती परत गुंडाळण्याची मूठही फिरली पाहिजे, एवढी साधी खूण आम्ही पाहिली नाही. वर्गापुढे उभे राहून ही चूक सांगावी लागली. मुलांनी ओरडा केला नाही, याचेच आम्हांस अधिक वाईट वाटले.

म्हणून त्या पालकांचे म्हणणे आम्ही झटकून टाकीत नाही. रोल, धुलाई आणि स्कॅनिंग मिळून खर्च हजारावर जातो. ज्यांच्या घरी वडील रात्रपाळीस मागावर उभे राहतात, त्यांना हा आकडा लहान नाही. दुसऱ्या रोलाचे पैसे आम्ही स्वतः भरले. ते न्याय्यच होते.

त्या दुसऱ्या रोलात लिंबायतच्या एका मुलाच्या वाट्याला दोन चौकटी आल्या. त्याला आई भाकरी थापताना हवी होती. स्वयंपाकघर अंधारे, कॅमेऱ्याने लाल जीभ दाखविली आणि कळ दाबू दिली नाही. मोबाइलने तेथे कसेबसे चित्र काढून दिले असते आणि मुलगा खेळावयास गेला असता. येथे तो थांबला. कोणत्या वेळी घरात ऊन कोठवर येते हे त्याने चार दिवस पाहिले. सकाळी साडेआठाला ते उंबऱ्यावर येते, असे त्याने आम्हांस सांगितले. त्या घरात तो जन्मापासून राहत होता! पाचव्या दिवशी आईने त्याच्यासाठी परात उंबऱ्याशी आणली. एक चौकट तिची झाली. दुसरी त्याने रात्रपाळीहून आलेल्या वडिलांची, त्याच उंबऱ्यात चपला काढताना घेतली.

स्कॅन करणाऱ्याने नेहमीप्रमाणे शेजारच्या दोन चौकटी एकाच चित्रात दिल्या. डावीकडे आई, उजवीकडे वडील, मध्ये काळी रेघ. मुलाने सांगितले, की दोघांचा एकत्र फोटो घरात यापूर्वी लग्नाचाच काय तो होता. एकाची पाळी संपते तेव्हा दुसऱ्याची कामे सुरू होतात.

हे चित्र आम्ही त्या पालकांना दाखविले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि मग विचारले, "रोल नक्की कितीला पडतो?" त्यांचे मत बदलले की नाही, ते त्यांनी सांगितले नाही. त्यांची मुलगी आता मंडळात आहे. तिसरा रोल चालू असून आकडा ५३ वर आहे, आणि परत गुंडाळण्याची मूठ फिरते आहे ना, हे प्रत्येक मूल कॅमेरा हाती घेताच प्रथम पाहते.