बास्केटबॉलचे नायक आणि पराभवाचे खापर

२०२३ सालच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील मिलवॉकी बक्स या बास्केटबॉल संघाचे अक्षरशः पानिपत झाले. साखळीतील ८२ सामन्यांपैकी ५८ जिंकून हा संघ सर्वांत अव्वल ठरला होता. परंतु विजेतेपदाचा निर्णय करणाऱ्या बाद मालिकांच्या, म्हणजे ‘प्लेऑफ’च्या, पहिल्याच फेरीत आठव्या मानांकनाच्या मायामी हीट संघाने त्याला चार विरुद्ध एक असे लोळविले. अखेरचा सामना आटोपल्यावर एका वार्ताहराने मिलवॉकीचा नायक यानिस आंतेतोकुंपो याला विचारले, की हा हंगाम अपयशी ठरला असे तो मानतो काय? यानिसने उलट प्रश्न केला, की वार्ताहराला तरी दरवर्षी बढती मिळते काय, आणि ज्या वर्षी मिळत नाही त्या वर्षीचे काम अपयशी समजायचे काय? मायकेल जॉर्डन १५ हंगाम खेळला आणि त्याने ६ विजेतेपदे मिळविली. मग उरलेले ९ हंगाम फुकट गेले म्हणायचे काय?

उत्तर मार्मिक होते आणि त्याची वाहवाही झाली. पण ते पूर्ण नव्हते. त्या अखेरच्या सामन्यात यानिसने ३८ गुण केले, हे खरे. त्याच सामन्यात त्याला मिळालेल्या २३ ‘फ्री थ्रो’पैकी १३ हुकले आणि त्याचा संघ जादा वेळेत अवघ्या २ गुणांनी हरला, हेही तितकेच खरे. फ्री थ्रो घेताना खेळाडूला कोणी अडवीत नाही. तेथे यश-अपयश सर्वस्वी त्याच्याच हाती असते. मग पराभवाचा दोष यानिसचा नव्हे काय? संघ हरला की त्याच्या नायकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची जी रीत अमेरिकेत रूढ झाली आहे, तिच्यात तथ्य किती आणि अन्याय किती, हे या निमित्ताने तपासून पाहण्यासारखे आहे.

फिर्यादीची बाजू

आरोप करणाऱ्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. १८९१ साली स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने हा खेळ शोधून काढला, तेव्हा दोन्ही बाजूंना नऊ-नऊ खेळाडू होते. पुढे ही संख्या पाचावर आली आणि एकेका खेळाडूचे वजन त्या प्रमाणात वाढले. क्रिकेटमधील उत्तम फलंदाज एकदा बाद झाला की तंबूत बसून पाहण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. बास्केटबॉलचा नायक मात्र निर्णायक सामन्यात ४८ मिनिटांपैकी ४० किंवा त्याहून अधिक मिनिटे मैदानात असतो, आणि संघाच्या बहुतेक चाली त्याच्याच हातून सुरू होतात. दुसऱ्या कोणत्याही सांघिक खेळात एका माणसाच्या हाती इतकी सत्ता क्वचितच असेल.

त्यात पैशाची गोष्ट वेगळीच. १९८४-८५ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेने, म्हणजे एनबीएने, संघांच्या वेतनखर्चाला मर्यादा घातली. आजच्या नियमांप्रमाणे ज्येष्ठ नायकाचा करार या मर्यादेच्या ३५ टक्क्यांपर्यंत सुरू होऊ शकतो. पंधरा जणांच्या ताटातील तिसरा हिस्सा जो उचलतो, त्याने उत्तरदायित्वाचाही मोठा हिस्सा उचलावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

शिवाय नायक खरोखरच कमी पडतो, असेही घडते. २०११ च्या अंतिम मालिकेत मायामीचा लेब्रॉन जेम्स हा डॅलस मॅव्हरिक्सविरुद्ध अगदी निष्प्रभ ठरला. त्या हंगामात सामन्यामागे सरासरी २६.७ गुण करणाऱ्या या खेळाडूची सरासरी अंतिम मालिकेत १७.८ वर घसरली. चौथ्या सामन्यात तर त्याचे अवघे ८ गुण झाले, आणि मायामी तो सामना ३ गुणांनी हरली. सहकाऱ्यांची साथ नव्हती, असे म्हणण्याची सोय तेथे नव्हती. दोष त्याचा होता आणि तो त्याला चिकटला, हे योग्यच झाले. पुढे काय घडले ते अधिक महत्त्वाचे आहे. त्या उन्हाळ्यात जेम्स हकीम ओलाजुवान या जुन्या, मातब्बर खेळाडूकडे गेला आणि बास्केटकडे पाठ करून खेळण्याची विद्या त्याने विद्यार्थ्याप्रमाणे शिकून घेतली. २०१२ व २०१३ अशी लागोपाठ दोन वर्षे मायामी विजेती ठरली. नेमका दोष दाखविला गेला, म्हणूनच तो दुरुस्त होऊ शकला.

अभिमन्यूचा दोष कोणता?

पण याच न्यायाने सर्वच पराभव मोजू लागलो, तर फसगत अटळ आहे. १९६९ च्या अंतिम मालिकेत लॉस एंजेलिस लेकर्सच्या जेरी वेस्टने सामन्यामागे सुमारे ३८ गुण केले. सातव्या, निर्णायक सामन्यात त्याचे ४२ गुण झाले. बास्केटवरून परतलेला चेंडू त्याने १३ वेळा मिळविला आणि सहकाऱ्यांना १२ वेळा गुण मिळवून देणारे पास दिले. बोस्टन सेल्टिक्सने तो सामना १०८-१०६ असा जिंकला. अंतिम मालिकेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा किताब त्याच वर्षी सुरू झाला आणि तो पराभूत वेस्टला देण्यात आला. पराभूत संघातील खेळाडूला तो मिळाल्याचे दुसरे उदाहरण आजवर नाही. वेस्ट ९ वेळा अंतिम मालिकेत खेळला आणि ८ वेळा हरला. जी एकमेव मालिका त्याने जिंकली, त्या १९७२ च्या मालिकेत त्याची नेमबाजी कमालीची बिघडलेली होती. तीन फेकींपैकी जेमतेम एक बास्केटमध्ये जात होती. उत्तम खेळला तेव्हा हरला आणि वाईट खेळला तेव्हा जिंकला! विजेतेपदांची संख्या हेच गुणवत्तेचे माप मानणाऱ्यांनी या हिशेबाचे उत्तर द्यावे.

२०१५ साली जेम्सवरही हाच प्रसंग आला. तोवर तो क्लीव्हलंड संघात परतला होता. केव्हिन लव्ह हा सहकारी पहिल्याच फेरीत जायबंदी झाला. कायरी अर्विंगचा गुडघा अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्यात निकामी झाला. उरलेल्यांना घेऊन जेम्सने सामन्यामागे ३५.८ गुणांची सरासरी राखली आणि तरीही गोल्डन स्टेट वॉरियर्सने ती मालिका चार विरुद्ध दोन अशी जिंकली. चक्रव्यूहात एकटा सापडलेल्या अभिमन्यूला कोणी कधी दोषी धरले नाही. प्रश्न विचारला गेला तो असा, की त्याच्या मागून येणारे पांडव व्यूहाच्या दारातच का अडले?

बाद मालिकेचे तंत्रही येथे लक्षात घ्यावयास हवे. साखळीत प्रतिस्पर्धी दर दिवसाआड बदलतो. मालिकेत मात्र एकाच संघाशी चार ते सात वेळा गाठ पडते, आणि नायकाची प्रत्येक खोड टिपून ठेवायला त्या संघाला पुरेसा अवसर मिळतो. नायकावर दोन-दोन रक्षक धाडले जातात. अशा वेळी मोकळ्या राहिलेल्या सहकाऱ्याच्या हातून गुण झाले नाहीत, तर नायकाची कामगिरी आकड्यांत फिकी दिसते. २००७ साली डर्क नोविट्स्कीच्या डॅलसने ६७ सामने जिंकले होते. पहिल्याच फेरीत गोल्डन स्टेटने त्यांना नमविले, आणि त्या संघाचा प्रशिक्षक होता डॉन नेल्सन, ज्याने पूर्वी नोविट्स्कीला डॅलसमध्येच घडविले होते! अखेरच्या सामन्यात नोविट्स्कीच्या १३ फेकींपैकी दोनच साधल्या. तो कचखाऊ आहे, असा शिक्का बसला. चारच वर्षांनी, २०११ मध्ये, त्याच नोविट्स्कीने जेम्सच्या मायामीला हरवून विजेतेपद पटकावले. शिक्का मारणारे कोणाचा स्वभाव पाहत होते, आणि कोणत्या वर्षीचा?

खापराचा लाभ कोणाला?

खापर एका डोक्यावर फुटले की बाकीची डोकी सुरक्षित राहतात, हा या रीतीतील खरा धोका आहे. जॉर्डनने १९८६ साली बोस्टनविरुद्ध एका सामन्यात ६३ गुण केले आणि शिकागो तरीही हरले. पुढे १९८८ पासून सलग तीन वर्षे डेट्रॉइटने त्यांची वाट अडविली. १९९१ साली जॉर्डनच्या अंगी एकाएकी नवे धैर्य संचारले नाही. स्कॉटी पिपेन परिपक्व झाला होता, आणि फिल जॅक्सन या प्रशिक्षकाने चेंडू पाचही जणांच्या हाती फिरविणारी पद्धत रुजविली होती. २०१८ साली ह्यूस्टन रॉकेट्स निर्णायक सामन्यात गोल्डन स्टेटशी हरले, तेव्हा बोटे जेम्स हार्डनकडे वळली. पण ख्रिस पॉल जायबंदी होऊन बाहेर बसला होता, आणि लांबून तीन गुणांच्या फेकी करीत राहण्याचे धोरण साऱ्या संघाचे होते. त्या दिवशी अशा ४४ फेकींपैकी ७ साधल्या. मध्यंतरी लागोपाठ २७ हुकल्या. हे एका माणसाचे अपयश नव्हे; तो एका धोरणाचा पराभव होता.

दोषारोप कृतीवरून माणसावर घसरला की काय होते, ते २०२१ साली फिलाडेल्फियात दिसले. अटलांटाविरुद्धच्या सातव्या सामन्यात बेन सिमन्सने बास्केटखालून सहज करता येणारा गुण सोडून चेंडू सहकाऱ्याकडे दिला. त्या बाद मालिकांत त्याचे ७३ पैकी ४८ फ्री थ्रो हुकले होते. दोष उघड होता. पण पाचव्या सामन्यात २६ गुणांची आघाडी साऱ्या संघाने गमावली होती, आणि सातव्या सामन्यात जोएल एम्बीडने ८ वेळा चेंडू घालविला होता. तरी हिशेब एकट्या सिमन्सच्या नावे मांडला गेला. प्रशिक्षकानेही त्याची पाठराखण करण्याचे टाळले. सिमन्स पुन्हा फिलाडेल्फियाकडून खेळला नाही. जेम्सला दोष दाखविला तेव्हा तो शिकला. सिमन्सला दोषी ठरविले तेव्हा तो संघाला कायमचा दुरावला. दोघांचे स्वभाव भिन्न असतील. परंतु दोष दाखविणे आणि दोषी ठरविणे यांतील अंतरही लहान नाही.

तेव्हा नायकांना जाब विचारूच नये, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. नाचता येईना अंगण वाकडे, ही सबब त्यांनाही लागू पडू नये. मात्र जाब विचारायचा तो त्यांच्या हाती असलेल्या गोष्टींचा. मिलवॉकीचे हुकलेले १३ फ्री थ्रो यानिसच्या नावे मांडावेत; त्यात कसूर करू नये. पण पाठीच्या दुखापतीमुळे तो ज्या दोन सामन्यांत उतरूच शकला नाही ते, आणि अखेरच्या सामन्याच्या चौथ्या सत्रात साऱ्या संघाने गमावलेली १६ गुणांची आघाडी, ही त्याच्या खात्यावर चढविता येणार नाहीत. काही दिवसांतच मिलवॉकीने आपल्या प्रशिक्षकाला निरोप दिला. म्हणजे एक डोके वाचले तेव्हा दुसरे शोधले गेले. पाच जण मिळून जो खेळ खेळतात, त्याच्या विजयाचा मुकुट एकाच्याच मस्तकी ठेवण्याची सवय जोवर सुटत नाही, तोवर पराभवाचे खापरही एकाच्याच माथ्यावर फुटत राहणार.